तिसऱ्या रविवारचा पुकार

लग्न लावायला पाळकाला फार काही लागत नाही. झगा इस्त्रीचा असावा, आवाज बसलेला नसावा आणि नवऱ्या मुलाच्या मित्राने अंगठ्या घरी विसरलेल्या नसाव्यात, एवढं जमलं की झालं. घाम फुटतो तो त्याच्या आधीच्या कामाला. त्याला आमच्याकडे पुकार म्हणतात. मेहकरला असताना एका पुकाराने माझ्या जिवाची जी घालमेल केली, ती निवृत्त झाल्यावरही पुरती थांबलेली नाही.

ज्यांनी चर्च रस्त्यावरूनच पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लग्न ठरलं की त्याआधीचे तीन रविवार, भक्ती म्हणजे उपासना चालू असताना, पाळक वधूवरांची नावं, आईबापांची नावं आणि गाव मोठ्याने वाचतो. मग विचारतो, "या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्याने आता सांगावं." आणि थांबतो. किती थांबायचं ते कुठे लिहिलेलं नाही. नवखे पाळक प्रश्न विचारून लगेच पुढच्या गीताचा क्रमांक सांगून मोकळे होतात. मी जरा जास्त थांबायचो. माझ्या बायकोला, सुमनला, ते आवडायचं नाही. ती म्हणायची, "अहो, तुम्ही असे पाहता की ज्याची हरकत नाही त्यालाही वाटतं आपली असेल."

बहुतेक वेळा पंख्यांचा आवाज तेवढा येतो. एकदा मात्र एक आजोबा काठी टेकत उठले. सगळ्या सभेच्या माना वळल्या. आजोबा म्हणाले, "लग्नाले हरकत नाई पास्टर, पण मागच्या लग्नात नेलेल्या सतरंज्या या लोकायनं अजून आणून देल्ल्या नाईत." दुसऱ्या एका लग्नात नवरीच्या आत्याने हात वर केला. तिला लग्न ठरल्याची बातमी परक्या माणसाकडून कळली होती, म्हणून तिची हरकत. दोन्ही हरकती चहावर मिटल्या.

पुकाराआधी मी मुलामुलीला समोर बसवून बोलायचो. दर शनिवारी संध्याकाळी तरुण संघही असायचा. पाळकाकडे तरुण पोरं पापं कबूल करायला येतात असा बाहेर समज आहे. माझ्याकडे ती मनात आधीच ठरलेल्यावर देवाचा शिक्का मारून घ्यायला यायची. एक मुलगा म्हणाला होता, "पास्टर, तिनं मले ब्लॉक केलं. तुम्ही प्रार्थना केली तर अनब्लॉक करंन का?" एका मुलीने विचारलं होतं, आईबापाचा मान राखायचा म्हणजे ते दाखवतील त्याच्याच गळ्यात माळ घालायची का? पहिल्यावर मी हसलो. दुसरीपुढे तास गेला तरी मला नीट उत्तर देता आलं नाही. पोरांनी विश्वासाने वागावं, खरं बोलावं, एकमेकांना खेळणं समजू नये, हे शिकवणं माझं काम होतं. पण खरं बोलायची वेळ येते तेव्हा समोर आई असते, समाज असतो, छापलेल्या पत्रिका असतात. हे शनिवारच्या संघात शिकवून होत नाही.

सुहास आमच्याच चर्चमधला. वडील लहानपणी गेले. आई रत्नमालाबाई अंगणवाडीत होत्या. त्यांनी एकटीने मुलाला वाढवलं, चिखलीला ठेवून फार्मसी शिकवली. मेहकरच्या बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानात तो कामाला होता. शांत, हसरा, चर्चमध्ये गिटार वाजवणारा. ज्यांच्या घरात मुली होत्या त्या सगळ्यांची नजर त्याच्यावर असायची.

करुणा धाडची. वडील दाविद धाड-बुलढाणा जीप चालवायचे, आई शांताबाई घरी शिवणकाम करायची. करुणा बुलढाण्याला एका दवाखान्यात परिचारिका होती. धाडला आमची चारच घरं, म्हणून महिन्यातून एकदा मी तिथे घरगुती प्रार्थनेला जायचो. स्थळ माझ्या समोरच निघालं, दाविदच्या ओसरीवर. मुलगी शिकलेली, मुलगा शिकलेला, दोन्ही घरं विश्वासातली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

दोघं बैठकीला आले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. राहणार कुठे? करुणाने नोकरी करायची का? भांडण झालं तर आधी कोण बोलणार? करुणा प्रत्येक प्रश्नावर विचार करून बोलायची, मध्येच माझ्याशी वादही घालायची. सुहास म्हणायचा, "चालंन." मेहकरला राहायचं? चालंन. बुलढाण्याला खोली घ्यायची? तेही चालंन. मी थट्टेने म्हटलं, "अरे, नवरी दुसरी आणली तरी चालंन का?" तो हसला. करुणा हसली नाही.

पहिला पुकार झाला. दुसरा झाला. दुसऱ्या रविवारनंतर करुणा सुमनला भेटायला आली आणि स्वयंपाकघरातच बसली. मी आत गेलो तर म्हणाली, "पास्टर, एक विचारू? त्यानं मले आजपर्यंत एकदाही नाई म्हटलं नाई."

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"'हो' सुद्धा म्हटलं नाई." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी फोन केला तर उचलते. स्वतः करत नाई. मी म्हटलं साडीचा रंग सांग, तर म्हणते तुले आवडंन तो. मी वार्डात पेशंट पाहते ना पास्टर, काई जण असे असतात. दुखते का, नाई. भूक लागली का, नाई. त्यायले नातेवाईकांनी आणून टाकलेलं असते."

सुमनने गॅस बंद केला. मी म्हणालो, "सरळ विचार त्याला. पुकार अजून एक बाकी आहे."

"विचारते. पण तो 'तू म्हणशीन तसं' म्हणाला तर?"

याला मी काहीतरी उत्तर दिलं. प्रार्थना कर, देव मार्ग दाखवील, अशातलं. ती गेल्यावर मी सुहासला बोलावून घेतलं आणि दाराला कडी लावून विचारलं, "मनात काही आहे का?" तो म्हणाला, "नाई पास्टर, काईच नाई." माझ्याकडे न बघता म्हणाला. त्या आठवड्यात माझं उपदेशात लक्ष लागेना. लिहिलेलं खोडत होतो. कोणावर बळजबरी झालेली नव्हती, कोणी तक्रार केलेली नव्हती. मुलगी म्हणते मुलगा फार ऐकतो, एवढ्यावर लग्न थांबवलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

तिसऱ्या रविवारी चर्च भरलेलं होतं. दाविद धाडहून आपली जीप भरून माणसं घेऊन आला होता. मी नावं वाचली. "या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्याने आता सांगावं." थांबलो. सुहास गिटार मांडीवर घेऊन खाली बघत होता.

बायकांच्या बाजूने करुणा उठली.

"मले हरकत आहे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "करुणा, तू?"

"हो. तुम्ही म्हणाले, कोणाची असेल तर. माझी आहे."

मागून कोणीतरी "अगं बस खाली" म्हणालं. शांताबाईने तिचा हात ओढला. ती बसली नाही. इतकी वर्षं मी तो प्रश्न विचारत होतो, पण नवरीच उत्तर देईल हे कधी ध्यानीमनी नव्हतं. हरकत आली की पुकार थांबवायचा आणि ऐकून घ्यायचं, हा नियम मात्र तोंडपाठ होता. तेवढाच आधार. मी सभेला सांगितलं की हरकत भक्तीनंतर ऐकली जाईल, आणि गीताचा क्रमांक दिला. पेटीवाल्याने भलतंच गीत धरलं. लोकही तेच गायले, कारण कोणाचंच पुस्तकात लक्ष नव्हतं.

भक्तीनंतर चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. दोन्ही घरची माणसं, मी आणि मंडळीचे चिटणीस साळवे सर. दाविद बसायलाच तयार नव्हता.

"कार्डं वाटून झाले," तो म्हणाला. "पाहुण्यायले मी काय तोंड दाखवू? काऊन केलं तू असं? पोरात काय खोट आहे?"

"त्याच्यात खोट नाई पप्पा. त्याचं मनच नाई. मी परवा त्याले विचारलं, तुले माझ्याशी लग्न करायचं आहे का? तर म्हणते, आता पुकार होऊन राह्यले ना. हे काय उत्तर झालं? आठवड्याभरानं तुम्ही याले इथं उभं करून विचारणार, स्वखुशीनं स्वीकारतो का. हा 'हो' म्हणंन. देवासमोर खोटं बोलंन, आणि त्या खोट्यात जन्मभर मी राहू?"

साळवे सरांनी घसा खाकरला. "बाळ, लग्नानंतर प्रेम येतं."

"सर, मी त्याची वाट पाह्यली असती. पण त्यानं सांगावं तर, की मी पण वाट पाहून राह्यलो."

सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. रत्नमालाबाई त्याच्या आधी बोलल्या. "त्याचं काही नाही पास्टर, स्वभाव आहे त्याचा." मी त्यांना हात करून थांबवलं. सुहासला म्हणालो, "आता तू बोल. 'चालेल' हा शब्द सोडून काहीही बोल."

त्याने एकदा आईकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे."

आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. चिखलीला कॉलेजात असताना बरोबर शिकणारी वैशाली. उंद्रीची, शेतकऱ्याच्या घरची, हिंदू. आईला त्याने सांगितलं होतं. आईने जेवण सोडलं होतं. विश्वासात नसलेल्या माणसाबरोबर एका जुवाला मान द्यायची नाही, हे बायबलचं वचन लहानपणापासून शिकवलं ते याच दिवसासाठी का, असं विचारलं होतं. सुहासने वैशालीला फोन करणं बंद केलं आणि आईच्या पसंतीला मान डोलावली.

"मी रोज प्रार्थना करत होतो," तो म्हणाला. रडत होता. "म्हटलं देवा, तुझ्या मनात नसंन तर तूच मोड हे लग्न."

करुणा त्याच्याकडे वळली. "म्हणून देवानं मले उठवलं का रे? तुले तोंड नव्हतं?"

मग ती रत्नमालाबाईंना म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मावशी, तुम्ही जुवाचं म्हणता. आमच्याकडे शेत नाई, पण बैल पाह्यले मी. मी विश्वासातली आहे म्हणून जू बरोबर होते का? याचं तोंड उंद्रीकडे आहे. हा माझ्या बाजूनं चालंन कसा?"

रत्नमालाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांचंही मला वाईट वाटलं. नवऱ्यामागे विश्वासाला धरूनच त्या तगल्या होत्या, आणि तो त्यांना मुलाच्या हाती सुखरूप द्यायचा होता. दाविद मात्र बाहेर गेला, माणसं जीपमध्ये बसवली आणि निघाला. करुणा आणि शांताबाई एसटीने धाडला गेल्या.

दोन दिवसांनी सुहास माझ्याकडे आला. म्हणाला, "पास्टर, माझ्यासोबत उंद्रीले चला. वैशालीच्या बाबाशी बोला."

सुमन चिडली. "पाळकाने हिंदूच्या घरी मुलगी मागायला जायचं? दिवस कसे आहेत कळतं का? उद्या कोणी म्हणेल, धर्म बदलायला आले." ती बरोबर बोलत होती. मी तरी गेलो. का गेलो ते मला आजही धड सांगता येत नाही. लग्न मोडणाऱ्यांच्या यादीत माझं नाव गेलंच होतं, निदान एक जोडावं असं काहीतरी डोक्यात असेल.

वैशालीचे वडील भास्करराव अंगणात सोयाबीनची पोती शिवत होते. हातातला दाभण बाजूला ठेवून त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सुहासला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "पास्टर, एक सांगा. पोरगी बाटवावी लागते का तुमच्यात?"

मी म्हणालो, "नाही. आणि लग्नासाठी म्हणून तिने स्वतः मागितला तरी बाप्तिस्मा मी देणार नाही. तो माणसाने देवासाठी घ्यायचा असतो. नवऱ्यासाठी घेतलेला आम्हीच खरा धरत नाही."

"मग तुमी आले कायले?"

तेवढ्यात वैशाली बाहेर आली. सावळी, ठेंगणी, डोळ्यांत राग. वडिलांसमोरच तिने सुहासला विचारलं, "तुझ्या नावाचा पुकार तीनदा झाला ना? मैत्रिणीनं सांगतलं मले. तिन्ही वेळा तू तिथंच होता?"

"हो."

"आणि बोलली ती पोरगी."

"हो."

"आधी आईच्या मागं लपला. मंग त्या पोरीच्या मागं. आज या साहेबायच्या मागं लपून आला." तिने माझ्याकडे पाहून हात जोडले. "तुमच्यावर राग नाई साहेब. पण याले सांगा, एकटा येता आला तर ये म्हणा."

भास्कररावांनी मान खाली घालून पुन्हा पोतं शिवायला घेतलं, पण मला वाटतं ते हसत होते. आम्ही उठलो. परतताना मोटारसायकलवर मागे बसून मी विचार करत होतो की इतकी वर्षं पोरांच्या बाजूने बोलणं हेच मी माझं काम समजत आलो, आणि इथे एका पोरीने दोन वाक्यांत सांगितलं की मी बाजूला व्हावं.

तो एकटा गेला. भास्कररावांनी त्याला परत पाठवला. तो पुन्हा गेला. ते सगळं मला नंतर कळलं, कारण तो माझ्याकडे विचारायला आला नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं. पुढच्या वर्षी दोघांनी बुलढाण्याला नोंदणी करून लग्न केलं. भास्करराव आले, पण जेवले नाहीत. रत्नमालाबाई आल्या नाहीत. सून घरी आल्यावर मात्र त्यांनी दार उघडलं. वैशालीने धर्म बदलला नाही. सुहास रविवारी गिटार वाजवतो, आणि कधी कधी ती मागच्या बाकावर येऊन बसते.

हे गोड वाटतं, पण गोड नाही. मी त्या लग्नाला पाहुणा म्हणून गेलो होतो. साळवे सरांनी घरी येऊन शांतपणे विचारलं, "पास्टर, आपली घरं किती? बोटांवर मोजण्याइतकी. उद्या प्रत्येक मुलाने असंच केलं, तर पुढच्या पिढीत हे बाक कोण भरणार?" ते दुष्ट नव्हते, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. दोन कुटुंबं माझ्यावर रागावून यायची बंद झाली. उलट बाजूने तरुण संघातल्या मुली माझ्याकडे येऊन धीटपणे प्रश्न विचारू लागल्या, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचं आणि ती खरं बोलली की मंडळी फुटायची, हे कसं निभवायचं ते मला कोणत्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतरही रविवारी सकाळी मी घरात नुसता फेऱ्या मारतो. सुमन म्हणते, बसा एका जागी.

पण मला शेवटी सांगायचंय ते धाडचं. सुहासच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं.

त्या रविवारनंतर दाविद चर्चला आला नाही. मी धाडला प्रार्थनेला गेलो की तो जीप पुसायला म्हणून बाहेर जायचा. करुणाशी बोलणं त्याने टाकलं होतं. ती रोज बुलढाण्याला जायची, बाप रोज बुलढाण्याला जायचा, पण ती एसटीने आणि तो जीपने. करुणाला स्थळं येईनात. भर चर्चमध्ये उभी राहणारी मुलगी, असं लोक म्हणायचे. ती त्यावर काही बोलायची नाही. मला बघून हसायची आणि चहा ठेवायला जायची.

एका महिन्यात मी गेलो तर बाजाराचा दिवस होता, दुसरी घरं आलीच नाहीत. शांताबाई भाजी आणायला गेली होती. दाविद ओसरीवर होता आणि बाहेर गेला नाही. मी बसलो. तोही बसला.

"पास्टर," तो म्हणाला, "माझ्यासाठी प्रार्थना करा. पोरीच्या लग्नासाठी नको, ते सगळेच करून राह्यले. माझ्यासाठी."

"काय मागू?"

"मले तिचा राग येते. आणि जीप चालवता चालवता कधी एकदम वाटते, माझी पोरगी एवढ्या लोकायत उभी राह्यली. छाती भरून येते. मंग पुन्हा राग येते. दोन्ही मिळून डोकं काम करत नाई."

मी डोळे मिटले. शब्द येईनात. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. प्रार्थना हे माझं रोजचं काम, गवंड्याला थापी तशी. मी नुसता बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. मी डोळे उघडले तर करुणा उंबऱ्याशी उभी होती. तिने ऐकलं होतं.

दाविदने तिच्याकडे पाहिलं. मग कित्येक महिन्यांनी तिला नावाने हाक मारली. "करुणा, त्या दिवशी तुले भेव नाई वाटला?"

"वाटला ना पप्पा. समोरचा बाक धरला म्हणून उभी राह्यली."

"मंग मले आधी सांगायचं होतं. मी उभा राह्यलो असतो तुह्या जागी."

ती म्हणाली, "तुम्ही मले बसवलं असतं."

बाहेरून एक जीप हॉर्न देत गेली, तिकडेही दाविदने मान वळवली नाही. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाला, "हाव. बसवलं असतं."

त्याने सरकून सतरंजीवर आपल्या बाजूला जागा केली. करुणा येऊन बसली. तेव्हा तो मला म्हणाला, "आता करा पास्टर, प्रार्थना."